रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये डोळ्यांची काळजी: खुपणं, लाली, ठणका आणि गोळ्यांचा हिशेब

सकाळी बोटं आखडलेली असणं संधिवाताच्या रुग्णाला नवीन नसतं. त्याच सकाळी पापणी आतून चिकटल्यासारखी वाटली, दिवसभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत राहिलं, तर त्याचं खापर मात्र अपुऱ्या झोपेवर, जुन्या चष्म्यावर नाहीतर मोबाइलवर फुटतं. सांध्यांच्या डॉक्टरांना डोळ्याचं सांगितलं जात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांध्यांचं सांगितलं जात नाही. टाळता येण्याजोगं बरंचसं नुकसान याच फटीतून होतं.

इथे संधिवात म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वयोमानाने गुडघे झिजतात त्या प्रकाराबद्दल हा लेख नाही.

डोळा यात तीन जागी सापडतो. पहिली जागा अश्रुग्रंथी. तिथे प्रतिकारयंत्रणेच्या पेशी ठाण मांडतात आणि पाणी बनवणारा भाग हळूहळू निकामी होतो. दुसरी जागा डोळ्याचा पांढरा भाग, म्हणजे स्क्लेरा. तो कोलॅजनचा बनलेला असतो, सांध्यांभोवतीच्या ऊतींसारखाच, त्यामुळे दोघांना एकच दाह ग्रासू शकतो. तिसरी जागा कॉर्नियाची कड. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. तिच्या मध्यात रक्तवाहिन्या नसतात, कडेला मात्र अगदी बारीक वाहिन्यांच्या कमानी येऊन संपतात. रक्तातून फिरणारे प्रतिपिंडांचे पुंजके तिथे अडकतात, म्हणून संधिवाताची जखम कडेकडेने, चंद्रकोरीसारखी पसरते. या तीन जागांच्या जोडीला चौथा मामला औषधांचा. सांधे सांभाळणाऱ्या काही गोळ्या डोळ्याकडून वेगळी किंमत वसूल करतात.

डोळा लाल झाला: घरी काय बघायचं, किती वेळात निघायचं

संधिवात असलेल्या माणसाचा डोळा लाल झाला की घरात पहिला शब्द निघतो, "डोळे आले असतील." असतीलही. पण डोळे आले असं गृहीत धरण्याआधी पाच मिनिटं काढून नीट बघा.

दिवसाउजेडी खिडकीपाशी उभे राहा. पिवळ्या बल्बखाली जांभळी छटा लपते आणि सगळीच लाली सारखी दिसते. दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा. तुम्ही खाली बघा, त्यांनी वरची पापणी हलकेच उचलायची, कारण खोल दाह कित्येकदा वरच्या पापणीआड दडलेला असतो. मग डावीकडे, उजवीकडे आणि वर बघा. बघणाऱ्याने तीन गोष्टी टिपायच्या: लाली सगळीकडे आहे की एकाच पट्ट्यात, तिचा रंग भडक लाल आहे की जांभळट, आणि बुबुळाच्या काचेवर कुठे पांढरा डाग किंवा कडेला खळगा दिसतो का. त्यानंतर नेहमीचा चष्मा लावून एकेक डोळा झाका आणि तोच मजकूर वाचून बघा. दोन्ही डोळ्यांनी एकदम वाचलं तर चांगला डोळा बिघडलेल्याचं काम झाकून नेतो.

आता दुखण्याचा पोत. खुपणं, चुरचुरणं, कचकचणं हे वरवरचं असतं. स्क्लेराचा दाह, म्हणजे स्क्लेरायटिस, ठणकतो. हा ठणका खोल, आतून पोखरल्यासारखा असतो, कपाळात, कानशिलात, जबड्यात जातो, डोळा हलवला की वाढतो आणि पहाटे झोपेतून उठवतो. मिटलेल्या पापणीवर बोट नुसतं टेकवलं तरी माणूस मागे सरतो. दातदुखी किंवा अर्धशिशी समजून यावर कित्येक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात.

यावरून वेळ ठरवा. ठणका, जांभळट लाली, नजर कमी होणं, उजेड सहन न होणं, काचेवर पांढरा डाग किंवा खळगा, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पोचायचं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना डोळ्यातून पू येत असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असताना डोळा लाल झाला असेल, तरी त्याच दिवशी. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात जंतुसंसर्गाची लक्षणं सौम्य दिसतात आणि आत नुकसान चालूच राहतं.

एका बाजूला गुलाबी-लाल पट्टा आहे, किंचित बोचतंय, नजर स्वच्छ आहे, ठणका नाही, असं असेल तर बहुधा एपिस्क्लेरायटिस. हा स्क्लेराच्या वरच्या थराचा दाह असतो, बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. तरी पहिल्यांदाच झाला असेल तर दोन-तीन दिवसांत दाखवून घ्या. दोन्ही डोळे संध्याकाळकडे जास्त चुरचुरतात, सकाळी बरे असतात किंवा उलट, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय, तर घाई नाही, पण पुढच्या काही आठवड्यांची वेळ घेऊन ठेवा.

आणि एक फसवा प्रकार. जुन्या, बरीच वर्षं मुरलेल्या संधिवातात कधीकधी स्क्लेरा अजिबात न दुखता, न लाल होता पातळ होत जातो. आतला गडद थर वरून दिसू लागतो आणि पांढऱ्या भागावर निळसर-राखाडी डाग उमटतो. दुखत नाही म्हणून तो तीळ किंवा म्हातारपणाची खूण समजून सोडून दिला जातो. असा डाग दिसला तर एक-दोन दिवसांत तपासून घ्या, आणि तोवर डोळा चोळायचा नाही, त्यावर दाब येईल असं काही करायचं नाही. भिंत पातळ झालेला डोळा साध्या धक्क्यानेही फुटू शकतो.

दवाखान्यात वरचा दाह आणि खोल दाह वेगळा करण्यासाठी बहुधा फिनाइलेफ्रिनचा २.५ टक्क्यांचा थेंब टाकतात. दहा-पंधरा मिनिटांत वरच्या वाहिन्या आकसून पांढऱ्या पडतात, खोलवरच्या तशाच फुगलेल्या राहतात. म्हणूनच औषधाच्या दुकानातून "डोळा पांढरा करणारे" थेंब आणून टाकू नका. ते वाहिन्या आकसवतात, खूण पुसतात, आणि असर उतरला की लाली आणखी जोराने येते.

घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब तर हातच लावू नयेत असे. डोळ्यात नागीण किंवा बुरशी असेल तर स्टिरॉइडने ती भडकते. कॉर्नियाच्या कडेला जखम असेल तर ती भरण्याऐवजी विरघळण्याची भीती असते. वाईट भाग असा की पहिले दोन दिवस बरं वाटतं.

ठणक्यावर उपचार फक्त थेंबांनी का होत नाही

स्क्लेरायटिस आणि कॉर्नियाच्या कडेची जखम, दोन्हीत आजार शरीरभर असतो, डोळा फक्त तो दाखवतो. थेंब खोल दाहापर्यंत पुरेसे पोचत नाहीत. सौम्य स्क्लेरायटिसमध्ये तोंडाने घ्यायच्या दाहशामक गोळ्या पुरतात. त्यांनी भागलं नाही किंवा दाह तीव्र असला तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, बहुधा दिवसाला किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून हळूहळू उतरवतात. ऊती सडत चालल्याची चिन्हं असतील तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात. पण स्टिरॉइड ही आग विझवण्याची बादली आहे. आग पुन्हा लागू नये म्हणून मेथोट्रेक्सेटचा (संधिवात आवरणाऱ्या औषधाचा) डोस वाढवणं, दुसरं औषध जोडणं, रिटुक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखं जैविक औषध (प्रतिकारयंत्रणेचा ठरावीक भाग अडवणारं) सुरू करणं, हे निर्णय संधिवाततज्ज्ञांचे. इथे दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. बोलत नसतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत तुम्ही न्या.

सांधे शांत असताना डोळ्याच्या कडेला जखम झाली तर "सांधे बरे आहेत, मग औषध का वाढवायचं" असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर असं: अशी जखम किंवा सडणारा स्क्लेरायटिस हे कित्येकदा शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आल्याचं लक्षण असतं, आणि ती सूज मज्जातंतू, त्वचा, हृदय कुठेही पोचू शकते. म्हणून डोळ्याच्या तक्रारीसोबत पायांचा बधिरपणा, पाऊल अचानक लुळं पडणं, नखांच्या कडेला काळसर ठिपके, नडगीवर न भरणारी जखम यातलं काही असेल तर न विचारताही सांगा. ही सूज तशीच राहिली तर जिवावर बेतू शकते.

कोरडे डोळे: सगळ्यात नेहमीचा त्रास

बहुतेक रुग्णांना भेटतो तो हाच. तक्रार ऐकायला साधी वाटते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. काहींच्या डोळ्यांना उलट धार लागते, आणि "माझे डोळे कोरडे कसे, सारखं पाणी येतंय" असं ते म्हणतात. पृष्ठभाग कोरडा पडला की मेंदू घाबरून एकदम पाणी सोडतो. ते पाणी पातळ असतं, तेल आणि चिकटपणा त्यात पुरेसा नसतो, गालावरून वाहून जातं आणि डोळा पुन्हा कोरडा.

तपासणीत बहुधा शिर्मर चाचणी होते. गाळणकागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी, टोकाला दुमडून, खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवतात. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. पट्टीवर ओल जेमतेम ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी चढली तर पाणी खरोखर कमी. १० च्या वर चढली तर पाण्याचं प्रमाण बहुधा ठीक. दुसरी चाचणी नारिंगी रंगाची. फ्लुओरेसिन टाकून निळ्या उजेडात बघतात: पापणी मारल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो. दहाच्या आत फाटला तर थर टिकत नाही. काचेवर झालेले बारीक ओरखडेही त्याच रंगात हिरवे चमकतात. पट्टीचा आकडा आणि माणसाचा त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. जुना कोरडेपणा असलेल्या डोळ्याची संवेदना बोथट होते, आणि ओरखड्यांनी भरलेल्या कॉर्नियाचा मालक "ठीक आहे" म्हणतो. म्हणून त्रास नसला तरी वर्षातून एकदा रंग टाकून तपासणी करून घ्यावी.

तोंडही सुकत असेल, सुका घास पाण्याशिवाय उतरत नसेल, दात भराभर किडत असतील, तर जोडीला श्योग्रेन सिंड्रोम, म्हणजे अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर प्रतिकारयंत्रणा उलटण्याचा आजार, असू शकतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि संधिवात यांची सांगड घातली, त्यावरून हे नाव. यासाठी रक्तात अँटी-रो प्रतिपिंड तपासतात. दंतवैद्यांनाही सांगून ठेवा.

आता उपचार. पहिली पायरी कृत्रिम अश्रू, म्हणजे ओलावा देणारे थेंब. ते त्रास झाल्यावर टाकायचे नसतात, घड्याळाने टाकायचे असतात, सुरुवातीला दिवसातून चारदा. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बाटलीवर संरक्षक रसायन कुठलं आहे ते बघा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असेल तर बदला. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं हे रसायन दिवसातून आठ-दहा वेळा डोळ्यात गेलं की कॉर्नियाच्या वरच्या पेशींना इजा करतं, आणि ज्यासाठी थेंब टाकतो तेच बिघडवतं. कुठल्याही संरक्षकाशिवायचे थेंब घ्या, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्यांतले किंवा झडपेच्या खास बाटलीतले. दिवसा पातळ थेंब, जास्त त्रास असेल तर जेल, आणि झोपताना मलम. मलमाने दहा-पंधरा मिनिटं धूसर दिसतं, म्हणून ते दिवा मालवायच्या आधी शेवटचं.

दुसरी पायरी पापण्यांची. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथींची रांग असते. त्या तुंबल्या की अश्रू लवकर वाळतात आणि नुसत्या थेंबांनी भागत नाही. स्वच्छ फडकं हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, बुडवून पिळा आणि मिटल्या पापण्यांवर ठेवा. फडकं दीड-दोन मिनिटांत निवतं, म्हणून पुन्हा बुडवायचं. एकूण आठ-दहा मिनिटं, रोज एकदा. मग वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, पापणीच्या कडेकडे हलकेच बोट फिरवा. हलकेच हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ज्यांना स्क्लेरायटिस होऊन गेलाय किंवा स्क्लेरा पातळ असल्याचं सांगितलंय त्यांनी हा मसाज करूच नये, फक्त शेक घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून.

आजूबाजूचं बदलणं कंटाळवाणं वाटतं, पण फरक पडतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवा. वर बघताना पापण्या जास्त उघडतात आणि पाणी लवकर उडतं. पडद्याकडे बघताना आपण पापण्या मारायलाच विसरतो, म्हणून दर वीस मिनिटांनी लांब बघून दहा वेळा पूर्ण पापणी मिटायची. अर्धवट मिचकावणं मोजायचं नाही. बाहेर वाऱ्यात कडेने बंद असलेला चष्मा लावावा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईवरची काही औषधं डोळे सुकवतात. त्यांना पर्याय आहे का हे विचारा, आपणहून बंद करू नका.

सहा-आठ आठवडे हे नीट करूनही ओरखडे दिसत असतील तर दाहावर जावं लागतं. सायक्लोस्पोरिनचे ०.०५ टक्क्यांचे थेंब दिवसातून दोनदा देतात. ते टाकल्यावर झोंबतं, आणि पूर्ण असर यायला तीनेक महिने लागतात. बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात, नेमके चुकीच्या वेळी. झोंबणं कमी करायला आधी ओलाव्याचा थेंब टाकून पंधरा मिनिटांनी हा टाका. पुढच्या पायऱ्या: अश्रू नाकात वाहून नेणाऱ्या छिद्रात बारीक बूच बसवणं, स्वतःच्या रक्तातल्या सीरमचे बहुधा २० टक्क्यांचे थेंब, आणि फार कोरड्या डोळ्यांसाठी स्क्लेरल लेन्स, म्हणजे पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स. बूच बसवण्याआधी दाह आटोक्यात हवा. नाहीतर दाहाची रसायनं भरलेलं पाणी डोळ्यातच कोंडून राहतं आणि चुरचुर वाढते.

वाकड्या, आखडलेल्या बोटांनी थेंब कसे टाकायचे

उपचार फसतात ते इथे. औषध बरोबर असतं, बाटली दाबली जात नाही.

१. दिवसाचा पहिला थेंब उठल्या उठल्या टाकू नका. हात पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, मग बाटली धरा.

२. उशीवर आडवे व्हा. मान मागे टाकून उभ्याने थेंब टाकणं संधिवातात धोक्याचं आहे, कारण मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो.

३. मुठीचा पूल करा. एका हाताची सैल मूठ गालावर टेकवा आणि बोटांच्या पेरांनी खालची पापणी खाली ओढा. बाटली धरलेला हात त्या मुठीवर टेकवा. हात थरथरला तरी बाटली आणि डोळा यांच्यातलं अंतर बदलत नाही, टोक डोळ्याला लागत नाही.

४. तेही जमत नसेल तर डोळा मिटून, पापण्या स्वच्छ पुसून, नाकाकडच्या कोपऱ्यातल्या खळग्यात थेंब पाडा आणि मग डोळा उघडा. थेंब आत ओघळतो.

५. एकच थेंब. एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मावतात. दुसरा थेंब गालासाठी असतो.

६. डोळा दोन मिनिटं अलगद मिटून ठेवा, घट्ट मिटून पिळू नका. औषधाचे थेंब असतील तर नाकाकडचा कोपरा बोटाने किंवा बोट वळत नसेल तर पेराने दाबा. औषध घशात आणि रक्तात कमी जातं.

७. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. आधी पातळ, मग जेल, मलम सगळ्यात शेवटी.

बाटलीबद्दल एक सूचना लोक खरेदी झाल्यावर शिकतात. संरक्षकाशिवायच्या झडपवाल्या बाटल्या दाबायला साध्या बाटल्यांपेक्षा कडक असतात. एकच औषध दोन-तीन प्रकारच्या बाटल्यांत मिळत असेल तर मऊ बाटली मागा. बाटली ज्यात बसवून चिमटीऐवजी पूर्ण तळहाताने दाबता येते अशी प्लास्टिकची खोळ मिळते. छोट्या नळ्यांचं टोक पिरगाळायला अडकित्ता किंवा छोटी पक्कड वापरा, दाताने तोडू नका. तुटलेली कड कधीकधी धारदार असते, म्हणून पहिला थेंब बाहेर पाडा आणि टोक डोळ्यापासून लांब ठेवा. संरक्षक असलेली बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बहुतेकींची मुदत चार आठवडे असते.

गोळ्यांचा हिशेब

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे संधिवातातलं जुनं, भरवशाचं औषध. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. या भीतीने गोळी टाकून देणारे जितके आहेत तितकेच ती पंधरा वर्षं तपासणीशिवाय घेणारेही आहेत. दोन्ही टोकं चूक. सुरक्षेची मर्यादा प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत धरतात. हिशेब स्वतः करून बघा: वजन गुणिले ५ गुणिले ७, भागिले २००. म्हणजे आठवड्याच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या. ४८ किलो वजनाला आठ गोळ्या येतात: सहा दिवस एक, सातव्या दिवशी दोन. याच व्यक्तीला रोज ४०० मिलिग्रॅम चालू असेल तर ते किलोमागे ८ च्या वर जातं. ६४ किलोला अकरा गोळ्या, म्हणजे चार दिवस दोन आणि तीन दिवस एक. रोज ४०० बसायला वजन ८० किलो हवं. आकडा जुळत नसेल तर चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. आजारात वजन घटलं असेल तर हिशेब नव्याने करावा लागतो, आणि हे हमखास राहून जातं.

योग्य डोसवर पहिल्या पाच वर्षांत धोका एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोनहून कमी, आणि वीस वर्षांनंतर वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून गोळी सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड मंदावलेलं असेल, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल, डोस मर्यादेच्या वर असेल किंवा पडद्याचा आधीचा आजार असेल तर पाच वर्षं थांबायचं नाही, तपासणी लवकर सुरू करायची. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा) ताजा अहवाल सोबत न्या.

तपासणी म्हणजे नुसती अक्षरं वाचणं नाही. ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारा) आणि संगणकावरची दृष्टिक्षेत्र चाचणी हवी. नेहमीची १०-२ चाचणी मधला भाग तपासते. आशियाई वंशाच्या लोकांत बिघाड कित्येकदा त्याच्या बाहेरच्या कड्यात सुरू होतो, म्हणून २४-२ किंवा ३०-२ चाचणीही करावी लागते. विचारून घ्या. घरी चौकटींचा कागद बघणं चांगलं, पण त्यावर रेषा वाकड्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पडद्यावर बदल दिसला तर गोळी थांबवण्याचा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. औषध शरीरातून सावकाश, कित्येक महिन्यांत जातं, आणि थांबवल्यावरही नुकसान थोडं पुढे सरकू शकतं.

स्टिरॉइड गोळ्यांमुळे भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो. त्यात उन्हात आणि समोरून येणाऱ्या दिव्यांत नजर विशेष खराब होते, वाचायलाही लवकर त्रास होतो. डोळ्यातला दाबही वाढू शकतो. तो दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारण १० ते २१ ही नेहमीची मर्यादा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर आवर्जून सांगा. स्टिरॉइडचे थेंब सुरू झाले तर दोन ते चार आठवड्यांत दाब मोजून घ्या.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनेटसारखी औषधं क्वचित स्वतःच डोळ्यात दाह उठवतात. सलाइनमधून ते औषध घेतल्यावर काही दिवसांत डोळा ठणकू लागला तर संधिवातावर ढकलू नका, औषधाची तारीख सांगा. एटानरसेप्ट हे संधिवातावरचं जैविक औषध चालू असताना स्क्लेरायटिस किंवा डोळ्याच्या आतली सूज आल्याच्याही नोंदी आहेत.

मूल असेल तर

लहान मुलांच्या संधिवातात गणित वेगळं आहे. तिथे डोळ्याच्या आतला दाह, युव्हायटिस, मुख्य धोका, आणि तो बहुधा गुपचूप येतो. डोळा पांढराशुभ्र, मूल खेळतंय, तक्रार काही नाही, आत मात्र बाहुली चिकटत चाललेली. मोजकेच सांधे सुजलेले, रक्तात एएनए (आपल्याच पेशींविरुद्धचे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आणि आजार सात वर्षांच्या आत सुरू झालेला असेल तर पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर) तपासणी लागते, डोळे कितीही छान दिसोत. गुडघा बरा झाला म्हणून ती सोडायची नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर

आधी कोरडेपणा आटोक्यात आणा. कोरड्या, ओरखडलेल्या कॉर्नियावर घेतलेली भिंगाची मोजमापं चुकतात. स्क्लेरायटिस होऊन गेला असेल तर डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत असल्याची खात्री झाल्यावरच तारीख घ्या. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकचे थेंब लिहून देतात. संधिवात आणि कोरडेपणा असलेल्या डोळ्यात या थेंबांनी कॉर्निया विरघळल्याची उदाहरणं आहेत, म्हणून "मला संधिवात आहे, हे थेंब चालतील का" हा प्रश्न चिठ्ठी हातात पडल्यावर लगेच विचारा. चष्मा घालवण्यासाठीची लेसर शस्त्रक्रिया या आजारात सहसा टाळतात, जखम नीट न भरण्याच्या भीतीने.

मान आखडत असेल, हाताला मुंग्या येत असतील तर शस्त्रक्रियेआधी सांगा. मानेचा एक्स-रे लागू शकतो. टेबलावर पाठीवर सपाट किती वेळ झोपता येतं ते घरी घड्याळ लावून बघा: मान, खांदे आणि कंबर यांना कुठे किती उंचीची उशी लागते ते लिहून घ्या, आणि तो कागद भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.